पाटीची कडी

पेंटरनं पाटीवर लिहिलं होतं: ग्यारेज.
खाली बारीक अक्षरात, प्रो. प्रा. अप्पालाल शिकलगार.
तो 'ग'ला लटकलेला 'या' बघून
शाळेत असताना मला लाज वाटायची,
मैत्रिणींना मी मागच्या बोळातून घरी न्यायची.

विद्यापीठात, संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गात
नावडीकर बाईंनी फळ्यावर तोच शब्द लिहिला
आणि त्याचं लिंग विचारलं.
म्हटलं, आमच्यात ते ग्यारेज. नपुंसकलिंगी.
बाई म्हणाल्या, तिकडं तो.
वर्ग हसला, कारण मघाशी मीच दारातून
"बाई, येऊ का? पळत आलो" म्हणत शिरले होते.
कोल्हापूरच्या पोरीला पुल्लिंगाचं काय नवल.

मग बाईंनी शब्द खोलला,
अब्बा कार्बोरेटर खोलतात तसा,
एकेक जेट फुंकून, पेपरावर मांडून.
मागचं 'आझ' म्हणजे नुसतं शेपूट.
आतलं क्रियापद गारे: आडोशाला लावणे.
मोटार जन्मायच्या आधी, नाव काठाला लावणे.
आणि पार तळाशी, कुठल्या तरी जुन्या जर्मन बोलीतला
काजळी धरलेला धातू:
राखणे, जपणे, नजर ठेवणे.

रात्री अब्बांना सांगितलं.
"धातू? कुठला? बीड का पितळ?"
होडीचं तर त्यांना अजिबात पटलं नाही.
"होडीला कसलं आलंय ग्यारेज?
प्लग असतोय? क्लच असतोय?"

इंग्रजांनी शब्द उचलला, मोटारीसकट,
पण उच्चारावर त्यांचं अजून एकमत नाही,
कुणी गराझ म्हणतं, कुणी गॅरिज.
आमच्या गल्लीत तो वाद नाही.
आणि आमचं आडनाव तरी कुठं इथलं?
तेही लांबून चालत आलेलं,
पात्यांना धार लावत, पाणी देत.

पाणी. त्या ऑगस्टात पंचगंगा
जयंती नाल्यानं उलटी गल्लीत आली.
चेन-पुलीला दोन इंजिनं टांगली,
पोटमाळ्यावर सहा बॅटऱ्या, बिलबुकं, अम्मीचं शिलाई मशीन,
माझा शब्दकोश.
मिरजे मास्तरांची लुना तेवढी राहिली.
दोन दिवस तिचं हँडल दिसत होतं,
मग तेही दिसेना. अब्बा त्या जागेकडंच बघत बसले.

तिसऱ्या दिवशी होडी आली.
वल्ह्यावर प्रयाग चिखलीचा दगडू अंबी,
लांबूनच ओरडत, "तारेखालनं वाका, तारेखालनं!"
फ्रेंचमध्ये त्याच धातूची एक आरोळी आहे,
गार! म्हणजे सांभाळ.
आपल्याकडं गार म्हणजे गार.
पाणी होतंच तसं, हाडात जाणारं.

दोर टाकायला त्याला काही सापडेना.
शटर बुडालेलं, खांब बुडालेला.
पाटीच्या खालच्या कडेला पाणी टेकलेलं.
अब्बा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले
आणि पाटीच्या लोखंडी कडीत
दोर ओवून गाठ मारली.

मी बघितलं. नाव, काठ, दोर,
आणि वर गढूळ शिंतोड्यांमधून पेंटरचं अक्षर.
बोलायला तोंड उघडलं होतं,
पण अम्मीनं हातात कोंबड्यांची पाटी दिली
आणि म्हणाली, आधी हे धर.

अब्बा सगळ्यात शेवटी उतरले.
बसल्या बसल्या खिशातला दहा-अकराचा पाना काढून
होडीच्या कडेवर टकटक केलं,
कान लावला, परत टकटक केलं.
"आवाज येतोय रं हिचा. फळी सुटलीया डावीकडनं.
पाणी उतरलं की आण. बघू."
दगडूनं गाठ सोडता सोडता विचारलं,
"कुठं आणू? ग्यारेजला?"
"मग कुठं आणतोस?"